पैसे दिले म्हणजे फिटलं का? (गीता ३.१२ आणि चैत्रातली माती)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. काल अकराव्यात सगळं कसं गोडीगुलाबीचं होतं. तुम्ही देवांना पोसा, देव तुम्हाला पोसतील, एकमेकांना वाढवत दोघांचंही भलं होऊ दे. आज मात्र सूर एकदम बदलतो. देवतांनी दिलेलं त्यांना काहीच परत न करता जो उपभोगत राहतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. मूळ शब्द 'स्तेन'. अज्ञानी म्हटलं असतं, आळशी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण शब्द चोरच वापरलाय, आणि तोही जोर देऊन.

हा श्लोक आपण बहुतेक वेळा पटकन ओलांडून जातो. कारण त्याचा अर्थ 'नैवेद्य दाखवून मग जेवा' इथपर्यंत आला की काम झालं असं वाटतं. नैवेद्य दाखवणं चांगलंच आहे, मीही दाखवते. पण दोन मिनिटं ताट देवापुढे ठेवून तेच ताट आपण खाणार असू, तर नेमकं परत काय गेलं? आणि कुणाकडे गेलं?

सध्या चैत्र चालू आहे. पाडवा होऊन आठवडा झाला, कडुनिंबाचा मोहोर अजून खाली सांडतोय, पिंपळाला ती तांबूस, पारदर्शक पालवी फुटली आहे. इन्स्टावर सगळीकडे कुंड्या, रोपं, 'समर गार्डन'चे रील. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी तिघाचौघांनी मेसेज करून जवळजवळ एकच प्रश्न विचारला: बाल्कनीत बाग केली, खत घरी केलं, तर याला साधना म्हणता येईल का, की हा नुसता छंद? आणि एकीनं जरा खोचक विचारलं, चार कुंड्यांनी हवामानबदल थांबणार आहे का गं? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला या बाराव्या श्लोकाशीच सापडतं. म्हणून आज जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

आधी विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. तीच पुढे 'गीता प्रवचने' झाली. त्यातल्या सतराव्या अध्यायावरच्या प्रवचनात विनोबा यज्ञ, दान आणि तप यांचा जो अर्थ लावतात, तो मला आजवर ऐकलेल्या अर्थांमध्ये सगळ्यात पटलेला. जन्माला येताना आपण तीन गोष्टी बरोबर घेऊन येतो: सभोवतालची सृष्टी, समाज आणि हे शरीर. तिन्ही आपण वापरतो आणि वापरली की त्या झिजतात. समाजाची झीज भरून काढायची ते दान, शरीराची शुद्धी ते तप, आणि सृष्टीची झीज भरून काढायची तो यज्ञ. आणि उदाहरण काय देतात, तर जमिनीचं. पीक घेत राहिलं की जमिनीचा कस उतरतो, तो तिला परत मिळवून देणं हा यज्ञ. म्हणजे तूप, समिधा, अग्नी यांच्या आधी शेणखत!

हे वाचलं की बारावा श्लोक एकदम रोकडा होतो. देवता म्हणजे पाऊस, सूर्य, भूमी, ज्यांच्या जोरावर आपण जगतो त्या शक्ती. त्यांच्याकडून घेतलं आणि झीज भरून दिली नाही, तर ती चोरी. यात अलंकारिक काहीच नाही. एखाद्याच्या कोठारातून रोज पसाभर धान्य उचलावं आणि परत कधीच काही टाकू नये, इतकं सरळ.

आता हे कोठार कुठं आहे ते बघा. माझे मामा जुन्नर तालुक्यात शेती करतात. टोमॅटो, कांदा, थोडा ऊस. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात जातात, तिथून ट्रकनं पुण्या-मुंबईकडे आणि आणखी लांब. मी एक दिवस मोठ्या उत्साहानं त्यांना आमची खतपेटी, आमचं गांडूळखत वगैरे फोनवर सांगत होते. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"चांगलं हाय की. पण एक सांग पोरी, माल आमच्या रानातनं तुमच्याकडं जातो. साल, देठ, उष्टं, खरकटं, सगळं तिकडंच राहतं. परत काय येतं आमच्याकडं?"

मी म्हटलं, "मामा, पैसे येतात ना."

ते हसले. "पैशानं रान भुसभुशीत होत असतं तर मग काय पायजे होतं!"

त्यांच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात ०.३८ लिहिलेलं होतं. अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलं की माती परीक्षणात 'कमी' असा शेरा पडतो, तसा तो पडलेला. आणि हे काही एकट्या मामांचं नाही, महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतांची हीच गत आहे. सेंद्रिय कर्ब म्हणजे काय? मेलेली मुळं, कुजलेली पानं, शेण, सूक्ष्मजीव यांच्यातून मातीत मुरलेला कार्बन. तो असला की माती पाणी धरून ठेवते, हातात घेतली तर चुरमुऱ्यासारखी मोकळी लागते, पावसाच्या पहिल्या सरीनंतर वाहून जात नाही. तो गेला की तीच माती उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात चिखल. आजोबांच्या वेळी गोठ्यात आठदहा जनावरं होती आणि घरामागं मोठा उकिरडा. आता एक गाय आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर शेण देत नाही.

उकिरडा! हा शब्द बघा ना कसा उलटा फिरलाय. गावात उकिरडा म्हणजे ठेव, बँकेतली. वर्षभर साठवायची आणि पावसाळ्याआधी रानात पसरायची. शहरात तोच शब्द शिवीसारखा. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आपल्या शहरांनी मात्र ते फिटू द्यायचे नाहीत असंच ठरवलंय जणू. शहरांच्या कचऱ्यातला निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो, म्हणजे मूळचा शेतातला. तो जातो कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला, तिथल्या गावकऱ्यांनी त्यासाठी कितीदा आंदोलनं केली. (गावाचं नाव उरुळी 'देवाची', आणि देवाला आपण काय वाहिलं बघा.) मुंबईचं देवनार तर १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत तिथं लागलेल्या आगीचा धूर अनेकांना आठवत असेल.

अशा ढिगात ओला कचरा दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट ऊब धरतो, आणि वीस वर्षांचा धरला तर ८० पटीच्या आसपास. म्हणजे काय झालं? शेतातून कस उचलला, तो शेतात परत नाही गेला, आणि जिथं गेला तिथं विष झाला. मामांचं रान कर्बावाचून उपाशी, आणि वर आकाशात कर्ब नको तितका. जो एका जागी अन्न आहे तो दुसऱ्या जागी ताप. तिसऱ्या अध्यायात पुढे चौदा ते सोळा या श्लोकांत चक्र येतं ना, अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, आणि हे चक्र जो पुढे चालवत नाही त्याचं जगणं फुकट? ते चक्र तुटतं कसं हे पाहायला हिमनद्यांपर्यंत जायला नको. आपल्या सिंकखालच्या डब्यापाशी ते तुटतं.

आता खरा प्रश्न. मी मामांना जे म्हटलं तेच आपण सगळे मनात म्हणतो. पैसे दिलेत की! टोमॅटोचे पैसे दिले, व्यवहार पूर्ण, मग चोरी कसली?

हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. पैसे हा दानाचा, म्हणजे समाजाच्या झिजेचा भाग झाला. शेतकऱ्याच्या श्रमाचा मोबदला. तोही किती पुरा मिळतो हा वेगळाच विषय, टोमॅटोचे भाव पडले की क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतलेले आपण पाहतोच. पण समजा पुरा मिळाला. तरी तो माणसाला मिळाला. मातीशी आपला व्यवहार झालाच नाही. माती पैसे घेत नाही, तिला पैशाचं काही करता येत नाही. तिच्याकडून नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब अशा वस्तू गेल्या. तिला वस्तूच परत हव्यात. विनोबांची तीन खाती वेगळी ठेवली की गोंधळ मिटतो. एका खात्यात भरलेले पैसे दुसऱ्या खात्याचं कर्ज फेडत नाहीत.

"मग युरिया आहे ना," असं कुणी म्हणेल. आहे. आणि ज्याच्या घरात कर्जाचे हप्ते आहेत त्याला मी युरिया टाकू नको म्हणून पुण्यात बसून सांगणार नाही, तो आगाऊपणा होईल. पण युरिया नत्र देतो, कर्ब साठवून देत नाही. शिवाय तो बनवायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो आणि जादा टाकलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीहून जास्त तापवणारा. एक उसनवारी फेडायला दुसरी.

दुसरी अडचण यापेक्षा नाजूक आहे, आणि ती माझ्या मनात बरेच दिवस होती. समजा मी घरी खत केलं. ते जाणार कुठं? माझ्या मोगऱ्याला, माझ्या तुळशीला. मामांच्या रानाला त्यातलं चिमूटभरही नाही. मग ज्याच्याकडून घेतलं त्याला परत न देता तिसऱ्यालाच दिलं, याला परतफेड म्हणायचं का? शेजाऱ्याची साखर उसनी आणून मुंग्यांना घातली तर शेजारी काय म्हणेल?

इथं मला आपल्याकडची ऋणांची कल्पना उपयोगी पडते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. नीट बघितलं तर यातली कितीतरी फेड घेतलेल्याच्या हातात परत होतच नाही. आईवडिलांनी आपल्याला वाढवलं, ते ऋण फेडायचं पुढच्या पिढीला वाढवून. ज्यांनी ज्ञान दिलं ते ऋषी तर कधीच गेले. त्यांचं ऋण फेडायचं शिकून आणि पुढे शिकवून. म्हणजे आपल्या परंपरेत ऋण ही दोघांमधली उधारी नसून वाहती गोष्ट आहे. ते पुढे जाऊ द्यायचं, आपल्यापाशी अडवायचं नाही. या अर्थानं माझ्या कुंडीतली माती हीही भूमीच. तिच्यात कर्ब मुरला तर चक्र एका जागी तरी जुळलं.

पण मंडळी, इथं थांबून स्वतःला शाबासकी देणं मला पटत नाही. वाहतं ऋण म्हणून सगळा कस शहराकडेच वाहत राहिला आणि आमच्या बाल्कन्या हिरव्या झाल्या, रानं मात्र ओस, तर तो चतुराईनं केलेला हिशोब. म्हणून माझं मत असं आहे की घरचं खत ही सुरुवात आहे, फेड नाही. फेड तेव्हा होईल जेव्हा शहराचं चांगलं, काच-प्लास्टिक नसलेलं खत जवळच्या शेतांपर्यंत जाईल. त्याची पहिली पायरी मात्र आपल्याच हातात आहे. ओल्या कचऱ्यात सॅनिटरी पॅड, ब्लेड, दुधाच्या पिशव्या असतील तर कुठलाही शेतकरी ते खत रानात येऊ देणार नाही, आणि का येऊ द्यावं? कचरा वेगळा करणं हे महापालिकेवर उपकार म्हणून करायचं काम नव्हेच. तो नैवेद्य सोवळ्यात ठेवण्याचाच प्रकार आहे.

आणि हो, तो खोचक प्रश्न. चार कुंड्यांनी काय होणार?

हिशोब स्वच्छ मांडू. जगाच्या मातीत वरच्या एक मीटरच्या थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या दीडपटीहून जास्त. म्हणूनच २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सनं 'चार दर हजारी' नावाचा उपक्रम मांडला: जगाच्या मातीतला कर्ब दरवर्षी हजारी चार इतका वाढवत नेऊ. कल्पना मोठी, पण तिलाही मर्यादा आहेत. माती कर्बानं कायम भरत राहत नाही, एका टप्प्यानंतर वाढ थांबते. आणि पुन्हा नांगरट, उन्हाचा तडाखा, दुष्काळ आला की साठवलेला कर्ब उडूनही जातो. त्यामुळे माती सांभाळली म्हणून कोळसा जाळायची मोकळीक मिळत नाही. तुमच्या दहा कुंड्यांत मुरणारा कर्ब एका विमानप्रवासाची भरपाई करत नाही, कुणी तसं सांगत असेल तर हसून सोडून द्या. ओला कचरा ढिगावर न गेल्यामुळे जो मिथेन टळतो, तो तुमच्या कुंडीतल्या कर्बापेक्षा जास्त मोलाचा. आणि लाखो घरांत झालं तर तो आकडा दिसण्याइतका होतो.

"फळाची अपेक्षा नको" हे वाक्य इथं फार लोक चुकीच्या जागी वापरतात असं मला वाटतं. फळाचा हट्ट नको, पण हिशोब नको असं गीतेत कुठं आहे? जो वैद्य मनात कीर्तीची हाव ठेवत नाही तोही औषधाचं माप नीटच घेतो. आपण काम करायचं ते चोर न ठरण्यासाठी. जग वाचवल्याचं श्रेय मिळवण्यासाठी नव्हे. घेतलेली वस्तू परत करताना 'माझ्या एकटीच्या परत करण्यानं जगातल्या चोऱ्या थांबणार आहेत का' असं कुणी विचारत नाही ना? मग इथंच का?

अथर्ववेदात बाराव्या कांडाच्या सुरुवातीला पृथ्वीसूक्त आहे, त्रेसष्ट मंत्रांचं. त्यात एक प्रार्थना आहे, भूमी खणताना करायची. खणलेलं लवकर भरून येऊ दे, आणि तुझ्या मर्माला माझ्याकडून इजा न होवो, अशा अर्थाची. मला ती फार आवडते, कारण ती खणूच नको म्हणत नाही. जगायचं तर खणावं लागणार. पण किती, कुठवर, आणि भरून येईल ना, एवढं विचारून.

आणि आता मातीचे अभ्यासक जे सांगतात ते जवळपास याच वळणाचं आहे. नांगरलं, उलथलं की आत झाकलेला कर्ब उघडा पडतो, सूक्ष्मजीव तो भराभर खाऊन हवेत सोडतात, बुरशीचे धागे तुटतात. म्हणून कमीत कमी मशागत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेलं सगुणा तंत्र यावरच उभं आहे: एकदा गादीवाफे करायचे, मग चिखलणी नाही, लावणी नाही, नांगरट नाही, पीक कापलं की मुळं जमिनीतच राहू द्यायची. मुळं कुजून तिथंच खत होतं, गांडुळं परत येतात, आणि शेतात पाणी तुंबवून ठेवायचं नसल्यानं भातखाचरातून निघणारा मिथेनही कमी. कोकणातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी ते उचललंय. काळी जमीन असो की तांबडी, तत्त्व एकच: मर्माला धक्का नको, अंग उघडं नको.

तेच बाल्कनीत आणायचं. चैत्र-वैशाख हा आपल्याकडचा वसंत, पण तो युरोपातल्यासारखा ऊबदार, ओलसर नसतो हे त्या परदेशी गार्डनिंग व्हिडिओंना माहीत नसतं. तिकडं वसंतात माती मोकळी करून ऊन खाऊ देतात. आपल्याकडं या दिवसांत माती उघडी ठेवणं म्हणजे तिला भाजणं. उन्हात तापलेल्या कुंडीत वरच्या थरातले जीव मरतात, पाणी उडून जातं. म्हणून पहिलं काम आच्छादन. वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, उसाचं चिपाड, जे मिळेल ते दोनतीन इंच जाड पसरा, खोडाजवळ थोडी जागा सोडून. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. जुनं वांग्याचं, टोमॅटोचं झाड संपलं की मुळासकट उपटू नका, मातीलगत कापा आणि मुळं आत राहू द्या. त्याच्या शेजारी नवं बी टोचा. आत्ता भेंडी, गवार, काकडी, दोडका, माठ, चुका असं काहीही लागतं.

खताचं तंत्र फार कठीण नाही. भोकं असलेली बादली किंवा माठ घ्या. ओला कचरा एक भाग तर चुरलेली सुकी पानं दोन-तीन भाग. पिळून घेतलेल्या फडक्याइतकी ओल. वास आला तर पाणी जास्त झालंय, पानं घाला. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. सुरुवातीला मूठभर शेणखत किंवा आंबट ताक विरजणासारखं. उन्हाळ्यात दोनेक महिन्यांत काळसर, पहिल्या पावसाच्या वासाचं खत हातात येतं. निर्माल्यही यातच जाऊ द्या, फक्त दोरा, जर, प्लास्टिकची फुलं काढून. नदीत सोडलेल्या निर्माल्यापेक्षा तुळशीच्या बुडाशी मुरलेलं निर्माल्य देवाला जास्त पोचतं असं मी मानते. कुणाला पटलं नाही तर भांडूया, पण प्रेमानं.

एक गोष्ट मात्र जरा कडक बोलते. नर्सरीतून लाल मातीची पोती आणणं कमी करा. ती माती कुठल्यातरी डोंगराच्या उतारावरून, कुठल्यातरी शेताच्या वरच्या थरातून खरवडून आणलेली असते. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. बाग करायची म्हणून कुणाच्या तरी रानाची कातडी सोलून आणायची, मग बाराव्या श्लोकाचं काय? कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून पालापाचोळ्यातूनच माती घडवण्याचे धडे दिले, आणि मुंबईतल्या कितीतरी गच्च्यांवरच्या बागा त्या विचारावर उभ्या राहिल्या. पानं, उसाची चिपाडं, थोडं शेण, मूठभर जिवंत माती विरजणापुरती. बाकी काम जीव करतात.

आणि पानं तर दाराशी पडलेली असतात! आमच्या सोसायटीत दर फाल्गुन-चैत्रात ढीगभर पानं पडायची आणि सकाळी सहाला कोपऱ्यात पेटवली जायची. घनकचरा नियमांप्रमाणे कचरा उघड्यावर जाळायला मनाई आहे, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर एक काका म्हणाले, "अहो ताई, पानं म्हणजे काय कचरा आहे का?" मी म्हटलं, "काका, अगदी तेच म्हणते मी!" सगळे हसले आणि विषय तिथंच पुढे सरकला. आता पार्किंगमागं जाळीचे दोन पिंजरे आहेत. झाडणाऱ्या मावशींना आधी आम्ही नीट विचारलं, त्यांचं काम वाढत असेल तर पैसे वाढवून द्यायचे हेही ठरलं. कारण आमच्या यज्ञाची लाकडं दुसऱ्याच्या पाठीवरून यायला नकोत. ज्यांच्याकडे ठेवायला जागा नाही त्यांच्यासाठी पुण्यात 'ब्राऊन लीफ'सारखे गट आहेत, पानं असणाऱ्यांची आणि पानं हवी असणाऱ्यांची गाठ घालून देणारे.

मामांकडेही उसाचं पाचट जाळायची पद्धत होती. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मजूर मिळंना, खोडव्यात पाचट अडतं, पेटवून दिलं की मोकळं." गेली दोन वर्षं कुट्टी करून सरीत ठेवतात. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "रान जरा हसाया लागलंय." कागदावरचा आकडा अजून अर्ध्याला पोचलेला नाही. तो इतक्यात पोचणारही नाही.

संत सावता महाराजांची आठवण आल्याशिवाय हा विषय मला पुढे नेता येत नाही. माढा तालुक्यातलं अरण त्यांचं गाव. परंपरा सांगते की मळ्याचं काम सोडून ते पंढरीला गेले नाहीत, आणि आजही त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी अरणला येते. आपण हे भक्तीचं कौतुक म्हणून सांगतो. पण मळा सोडून का गेले नसतील? मळ्याला रोज पाणी लागतं, रोज कुणीतरी लागतं. माउलींनी तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावला, तो सावतोबांनी वाफ्यात उभं राहून जगला. माझी शंका एवढीच आहे की आपण मळा नसलेले लोक. आपला स्वधर्म लॅपटॉपवर. मग भूमीचं ऋण आपल्यापुरतं माफ आहे का? बाराव्या श्लोकात अशी सूट मला तरी दिसत नाही. जेवणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे, शेत असो की नसो.

उद्या तेरावा. त्यात स्वतःपुरतंच शिजवणाऱ्यांबद्दल आहे, आणि तो याहून बोचरा आहे. तोवर ज्यांच्याकडे खतपेटी सुरू आहे त्यांनी आत हात घालून ओल बघा, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी आज खाली पडलेली पिशवीभर पानं घरी आणून ठेवा. ती लागतीलच.

रामकृष्ण हरी.